शंकासुर आणि गोदामाची भिंत

घरात न्हाणीघर एकच आणि सकाळी घाई सगळ्यांना. दादा टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते आणि आतून पाण्याचा आवाज सोडून बाकी सगळे आवाज येत होते.

"अरे, आंघोळ करतोयस की प्रबंध लिहितोयस?"

"विचार करतोय, दादा."

"मग अंगावर पाणी ओतत ओतत कर. दोन्ही एकदम जमतं. आम्ही जन्मभर तेच केलं."

स्वयंपाकघरात वहिनींना हसू फुटलं. एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, ओट्यावर निम्मा चिरलेला कोबी आणि कान न्हाणीघराकडे. या दोघा भावांचं हे भांडण त्या लग्न होऊन आल्यापासून ऐकत होत्या, पण आजच्याइतकं गोड ते कधी लागलं नव्हतं. आज दहाच्या सुमारास त्यांच्या धाकट्या दिराचं पुस्तक छापखान्यात मशीनवर चढणार होतं. शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त शाळेचा इतिहास! शनिवारी समारंभ, समारंभात प्रकाशन, आणि प्रकाशन झालं की तिथेच, व्यासपीठावर, भावजींच्या हातात कायम नोकरीचा हुकूम. हा माणूस काय करतो असं कोणी विचारलं की घरातला प्रत्येक जण आजवर वेगळं उत्तर द्यायचा. शनिवारनंतर सगळ्यांचं उत्तर एकच असणार होतं. वहिनींनी चहात साखर जरा सढळ हातानेच घातली.

तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, कोणीतरी पंजाने धडाधडा बडवलं. वहिनींनी उघडलं तर समोर रंगारी. डोक्यापासून पायापर्यंत चुन्याने पांढरा, आणि उजवा हात तेवढा मनगटापर्यंत काळाकुट्ट. दारावर त्या हाताचा पाची बोटांचा ठसा.

"अहो, माझं दार!"

"पुसतो नंतर, वहिनी. शंकासुर आहे का घरात?"

"न्हाणीघरात आहेत."

"म्हणजे बसावं लागणार," म्हणत तो स्टुलावर टेकला. त्याच्याबरोबर भावजींनी एके काळी पाट्या रंगवल्या होत्या, त्यामुळे घरातल्या सवयी त्याला ठाऊक होत्या.

शंकासुर हे नाव दादांनी ठेवलेलं. भावजी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाले तेव्हा विद्यापीठात पहिले आले होते. त्या वर्षी त्या विषयाला किती जण बसले होते, हे दादा अजूनही कोणाला सांगत नाहीत. पदवीची गुंडाळी काखेत मारून ते घरी आले आणि दादांनी विचारलं, "आता याचं काय करता येतं?"

"प्रश्न विचारता येतात."

"कोणाला?"

"हाच पहिला प्रश्न."

दादांनी कपाळावर हात मारला आणि त्याच हाताने त्यांचं बारसं उरकलं.

पहिली नोकरी विमा कंपनीत. आग लागलेली दुकानं बघायची आणि अहवाल द्यायचा. भावजी राखेत उकिडवे बसायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलतं करायचे, कोण काय पाहिल्यामुळे सांगतंय आणि कोण काय ऐकल्यामुळे, हे वेगवेगळं मांडायचे. एकदा अहवालाच्या शेवटी त्यांनी लिहिलं, 'आग लागली हे खरं. कशी लागली हे मला कळलेलं नाही. साहेबांना कळलं असेल, तर ते कसं कळलं याची चौकशी व्हावी.' चौकशी झाली. साहेब राहिले, भावजी घरी आले.

मग छापखाना. तिथे मुद्रितं तपासायची. भावजींना अक्षरांच्या चुका कमी दिसायच्या आणि विचारांच्या जास्त. एका नामवंत वक्त्यांच्या पुस्तकाच्या समासात त्यांनी पानोपानी एकच शब्द लिहून पाठवला: 'कशावरून?' वक्ते हातात काठी घेऊन आले. छापखान्याचा मालक रडवेला होऊन म्हणाला, "बाबा रे, तू माणूस सोन्यासारखा, पण सोनं तिजोरीत ठेवतात, दुकानात नाही." मैत्री मात्र दोघांची टिकली.

त्यानंतर हा रंगारी. पाट्या रंगवणं भावजींना मनापासून आवडलं. जुनी पाटी खरवडताना खालून आणखी जुनी निघायची, तिच्याखालून तिसरी. न्हाव्याच्या दुकानाखाली घड्याळजी, घड्याळजीखाली शिंपी. घरी येऊन ते वहिनींना सांगायचे, "वहिनी, आपली अख्खी गल्ली कांद्यासारखी आहे!" पण तिथेही स्वभाव आडवा आला. एका दुकानदाराला पाटीवर हवं होतं, 'गावातील एकमेव विश्वासू दुकान'. भावजी शिडीवरून खाली वाकले आणि म्हणाले, "एकमेव? म्हणजे बाकीचे सगळे चोर, असं लिहून देता का?" शेजारचा दुकानदार ते ऐकत होता. पुढचं न सांगितलेलं बरं.

मध्ये काही महिने एका हॉटेलात स्वागतकक्षातही बसले. पण आलेल्या पाहुण्याला 'आपण कोण?' हे ते इतक्या गांभीर्याने विचारत की माणूस स्वतःशीच चरकायचा.

त्या सगळ्या वर्षांत नातेवाईक वहिनींना गाठून विचारत, "धाकटे सध्या काय करतात हो?" वहिनी शांतपणे म्हणत, "शिकतायत." "अजून? काय?" "समोर येईल ते." त्या स्वतः पदवीधर. लग्नानंतर घर एके घर करत होत्या, पण माणूस वाया चाललाय की मुरतोय, एवढं त्यांना कळत होतं. लोणचं बरणीत ठेवून रोज झाकण उघडणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

शाळेत भावजी आले ते उसने म्हणून. इतिहासाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि वर्ग सांभाळायला कोणीतरी हवं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलामागची खुर्ची उचलून वर्गाच्या मधोमध ठेवली. "ही खुर्ची काल इथे होती, कशावरून?" पोरं खो खो हसली. मग एकाने सांगितलं, फरशीवर तिच्या पायांचे ओरखडे आहेत. दुसरी म्हणाली, ते दुसऱ्या खुर्चीचे असतील. तिसऱ्याने पाय जुळवून पाहिले. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. तेव्हापासून त्या वर्गाचा नियमच झाला: कोणीही काही छातीठोकपणे सांगितलं, की बाकीच्यांनी एका सुरात विचारायचं, "कशावरून?" नियम घरोघरी पोचला. पालक तक्रार घेऊन आले. "आम्ही म्हणतो उशीर होतोय, तर कार्टं म्हणतं कशावरून!" मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुपारच्या तासाला आख्ख्या शाळेत तेवढा एकच वर्ग जागा असतो. राहू देत."

लिहिणंही पोरांनीच सुरू करवलं. शाळेचा जिना एकाच बाजूने का झिजलाय, असं एकीने विचारलं. उत्तर शोधता शोधता भावजींचा लेख झाला, लेखामागे लेख आले. बंद पडलेला नळ, उगाच वळणारी गल्ली, अर्धी बुजवलेली खिडकी. रविवारच्या पेपरात लोक ते आधी वाचायचे आणि मग बातम्या. आणि म्हणून अमृतमहोत्सवाचं पुस्तक त्यांच्याकडे आलं. समितीतल्या मंडळींनी नाकं मुरडली होती, "हा धरसोड्या माणूस!" मोठ्या बाईंनी भर बैठकीत स्वतःचा शब्द टाकला होता.

हे सगळं एका क्षणात वहिनींच्या डोळ्यांपुढून सरकलं, कारण रंगारी काय सांगत होता ते त्यांना नीटसं आवडत नव्हतं.

"ते धान्याचं गोदाम नाही का, शाळेच्या मागचं? त्याचं आता कपड्याचं दुकान होतंय. मी आतून रंग काढतोय. वजनकाट्यामागच्या भिंतीचं प्लास्टर ओलीने सुटलं आणि खालून हा काळा निघाला. पांढरा मारला, वर आला. परत मारला, परत वर आला. डोकं वर काढूनच बसलाय! फोडून काढायचा तर मालक म्हणतो, दुपारच्या आत फोडा, कपाटंवाले येतायत. पण हा आहे काय, ते कळल्याशिवाय फोडू कसा? तुमचा दीर तिथे टेप घेऊन महिनोन्महिने नाचत होता, म्हटलं त्याला विचारावं."

न्हाणीघराचं दार खाडकन उघडलं. भावजी टॉवेलवर, कानामागे साबण.

"काळा म्हणजे कसला काळा, उस्ताद? डांबरासारखा चकचकीत की काजळासारखा?"

रंगाऱ्याने हात पुढे केला. भावजींनी तो हुंगला, बोटाने चोळला, खिडकीच्या उजेडात फिरवला.

"उस्ताद, ही तर काजळी आणि सरस. आपण शाळांचे फळे रंगवायचो, तेच."

"मलाही तसंच वाटलं. पण धान्याच्या गोदामात फळा कशाला असेल? म्हणून तर आलो."

भावजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी हातातली सुरी खाली ठेवली.

पुस्तकाचं पहिलं पान दोघांनाही पाठ होतं, कारण मुद्रितं मोठ्याने वाचून दाखवायचं काम वहिनींचं होतं. 'या भागातली पहिली शाळा ती आमची. तिच्याआधी इथे शिक्षणाची कसलीही सोय नव्हती. धान्याच्या गोदामात पूर्वी बायकांची शाळा भरत असे, ही गल्लीतली समजूत निराधार आहे. तिथल्या प्लास्टरवर उमटलेला काळसर डाग हा धान्य वाळवण्याच्या भट्टीच्या धुराचा.' वाचताना वहिनी अडखळल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "भावजी, गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या एकच गोष्ट सांगतात. त्या काय ठरवून खोटं बोलतील?" आणि भावजी रुबाबात म्हणाले होते, "सांगोवांगी म्हणजे पुरावा नव्हे, वहिनी."

"चहा घ्या आधी," वहिनी म्हणाल्या. काळजी वाटली की त्या चहा देत.

"कसला चहा?"

"तुमच्या हातात आहे तो."

भावजींनी कपाकडे नवलाने पाहिलं, तो तसाच ओट्यावर ठेवला आणि शर्ट शोधायला धावले. न्हाणीघर मोकळं झालं, पण आता दादांनाच आंघोळ सुचेना.

"कुठे निघालास? दहाला मशीन सुरू होणार ना?"

"म्हणूनच!" शर्टाची बटणं वरखाली लावत भावजी जिना उतरले सुद्धा.

वहिनींनी शेगड्या बंद केल्या. भांडी पुसायचं फडकं हातातच राहिलं होतं, ते तसंच घेऊन, पायात एक आपली आणि एक दादांची चप्पल अडकवून, त्या मागे निघाल्या. दादा "अगं, अगं" करत त्यांच्या मागे. गल्लीत लोकांनी वळून वळून पाहिलं.

गोदामात अजून धान्याचा कोंदट, गोडसर वास होता. समोरच्या भिंतीवर उंचावर, प्लास्टरवर रंगवलेली गोदामाची जुनी पाटी. मालकाचं नाव, आणि खाली पाटी रंगवल्याचं वर्ष. ते वर्ष शाळेच्या वर्षाच्या कितीतरी आधीचं, हे लहान पोरालाही माहीत होतं, कारण गोदामवाले त्याचा तोरा मिरवत. त्या पाटीखाली प्लास्टरचा मोठा पापुद्रा सुटला होता आणि आत काळा चौकोन. अर्धा रंगाऱ्याच्या चुन्याने पांढुरका झालेला, कड मात्र सूत धरून मारल्यासारखी सरळ.

"धुराला कड नसते," भावजी पुटपुटले. मग जोरात म्हणाले, "उस्ताद, धुराला कड नसते हो!"

"मला काय सांगतोस? मी कुठे पुस्तक लिहिलंय?"

भावजी शिडीवर चढले, पाटीपासून खालपर्यंत बोट फिरवत आले. पाटी ज्या प्लास्टरवर होती तेच प्लास्टर सलग खाली येऊन काळ्या रंगावर बसलं होतं. मध्ये कुठे सांधा नाही, ठिगळ नाही.

"पाटी प्लास्टरवर. प्लास्टर काळ्यावर," ते शिडीवरूनच वर्गात शिकवल्यासारखे ओरडले. "म्हणजे आधी कोण?"

"खालचा रंग आधीचा," रंगारी म्हणाला. "आपल्या धंद्यातली बाराखडीच आहे ती."

"पाटीच्या आधी फळा. आणि पाटीच मुळी शाळेच्या आधीची!" भावजी खाली उतरले ते उडी मारूनच.

दादा भिंतीला टेकले. "पण फळाच कशावरून? काळी भिंतही असेल," ते म्हणाले, आणि आपण कोणता शब्द वापरला ते ध्यानात येऊन त्यांनी ओठ चावला.

"बरोबर!" भावजी खूश होऊन म्हणाले. "दादा, अगदी बरोबर! कशावरून?"

वहिनी बाजूला उकिडव्या बसल्या होत्या. घरातली भिंत माखलेली दिसली की हात स्वस्थ बसत नाही, तसं त्यांनी फडकं रंगाऱ्याच्या पाण्याच्या बादलीत बुडवून पिळलं आणि चुन्याचे ओघळ पुसायला घेतले. ओलं फडकं फिरलं तिथे काळा रंग गडद झाला आणि त्यातून हळूहळू पांढुरक्या रेघा वर आल्या. आडव्या, समान अंतरावर. आणि रेघांच्या मध्ये अक्षरं. वहिनी आणखी जवळ सरकल्या. बघता बघता पाणी सुकलं आणि अक्षरं भिंतीत परत गेली.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "खाली बसा. उभ्याने दिसायचं नाही."

पुन्हा फडकं फिरलं. दगडी पेन्सिलीने दाबून दाबून लिहिल्यामुळे अक्षरं रंगात रुतली होती. ओळीत एकच नाव पुन्हा पुन्हा. आधी वाकडं, मग कमी वाकडं, मग नीट. पुढच्या ओळीत दुसरं नाव, दुसरा हात. त्याच्याखाली तिसरं. एकीला स्वतःच्या नावातलं जोडाक्षर काही केल्या जमत नव्हतं, तिने ते खोडून खोडून रंगच उडवला होता, आणि ओळीच्या टोकाला जमलं तेव्हा केवढं मोठं काढलं होतं! सगळी नावं बायकांची.

"उभं राहून नाही लिहिलेलं हे," वहिनी म्हणाल्या. "बसून लिहिलंय. बघा ना, बसल्यावर बरोबर डोळ्यांच्या पातळीत येतंय."

"बायका धान्य निवडायला बसायच्या ना इथे!" भावजींनी मांडीवर थाप मारली. "इथेच! काम संपलं की नुसतं तोंड फिरवायचं, की समोर फळा! उठायचीही गरज नाही! वहिनी, अहो, शाळा होती ही! खरीखुरी!"

ते हसत सुटले. रंगारी हसायला लागला, मग वहिनीही. हसता हसता वहिनींनी विचारलं, "आणि 'निराधार' कोणी लिहिलं होतं हो?"

"मी! सगळ्या जगावर शंका घेतली, आणि माझ्या स्वतःच्या शंकेवर तेवढी घ्यायची राहिली!" ही चूक म्हणजे कोणी बक्षीस दिल्यासारखे ते बोलत होते. बोलता बोलताच फोन काढून त्यांनी छापखाना गाठला. "मालक, मशीन थांबवा! ... हो, आत्ता! ... कोणाला विचारून म्हणजे? भिंतीला विचारून!"

फोन बंद झाला आणि दादांनी त्यांचा दंड धरला.

"ऐक माझं. शनिवार जाऊ दे. हुकूम हातात पडू दे. मग दुसऱ्या आवृत्तीत टाक ना तुझ्या बायका. पळून थोड्याच जातायत?"

"भिंत दुपारी जातेय, दादा."

"मग फोटो काढ! शंभर काढ! पण छापायचं ते छापू दे. अरे, शाळेच्या फाटकावर दगडात कोरलंय, 'पहिली शाळा'. आणि तू त्यांच्याच समारंभात, त्यांच्याच पुस्तकात, त्यांना दुसरी म्हणणार? समिती तुला कायम करेल?" दादांनी दंड आणखी घट्ट धरला. "किती वर्षं मी लोकांना सांगत आलो, लागेल, लागेल, लवकरच लागेल. आता लागलीय ना रे."

भावजींनी एकदा भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला माहीत नव्हतं तोवर ती चूक होती, दादा. आता छापलं तर ते खोटं होईल. शनिवारी माझी पोरं पहिल्या रांगेत असणार. मी वाचायला लागलो की ती विचारतील ना."

"काय विचारतील?"

"ते तुम्हीच मघाशी विचारलंत," रंगारी दादांना म्हणाला.

दादांचं खरं होतं. भावजींचंही खरं होतं. क्षणभर वहिनींना वाटून गेलं, आपण फडकं घरीच ठेवलं असतं तर! लगेच त्यांची नजर त्या जोडाक्षराच्या जागेवर गेली. आता तिथे नुसता कोरडा काळा रंग होता. त्यांनी फडकं पुन्हा बुडवलं. भावजी फोटो काढू लागले. त्या पुढे पुढे ओलं करत जायच्या आणि ते मागोमाग टिपत यायचे, "हे घेतलं, वहिनी, आता डावीकडे, अहो सुकलं, पुन्हा, पुन्हा!"

मोठ्या बाई आल्या त्या अशा गडबडीत. छापखान्याच्या मालकाने त्यांना लगेच कळवलं असणार. लहानखुऱ्या, ताठ, घड्याळाचं तोंड मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि चाल अशी की शाळेच्या व्हरांड्यात ती ऐकूनच वर्ग चिडीचूप व्हायचे. त्या स्वतः याच शाळेत शिकलेल्या.

"सर, मशीन तुम्ही थांबवलंत?"

"हो बाई! या ना, या! जपून, बादली आहे!" घरी पाहुणे यावेत तसे भावजी पुढे झाले.

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

"निमंत्रणं गेलीयत. समितीचे सगळे येणार आहेत. तुमच्या हुकुमावर सही करून मी तो सकाळीच टेबलावर ठेवलाय. त्या बैठकीत मी काय काय ऐकून घेतलंय, माहीत आहे तुम्हाला? मी म्हणाले, हा माणूस आता कुठे जायचा नाही. आणि तुम्ही काय करताय? भिंत धुताय?"

दादांनी डोळे मिटून घेतले. रंगारी शिडीची पायरी विनाकारण पुसू लागला. भावजींनी सांगायला तोंड उघडलं. पाटी, प्लास्टर, कड, काजळी, सगळं एकदमच बाहेर पडू बघत होतं, आणि त्यामुळे काहीच नीट बाहेर येईना.

वहिनी उठल्या. त्यांनी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि मोठ्या बाईंच्या पुढे धरलं.

"बाई, तुम्हीच पुसा एकदा. खाली बसून. मग काय रागवायचं ते रागवा."

मोठ्या बाईंनी फडक्याकडे पाहिलं, वहिनींच्या दोन पायांतल्या दोन तऱ्हांच्या चपलांकडे पाहिलं. मग साडी सावरून त्या धुळीच्या फरशीवर चक्क बसल्या. फडकं फिरलं. रेघा वर आल्या. नावं आली. मोठ्या बाईंचं बोट एका ओळीवरून हळूहळू सरकत गेलं. पहिलीच्या वर्गात मुलांच्या अक्षरावरून फिरवावं तसं. जोडाक्षरापाशी ते थांबलं. खोडलेल्या जागांवर थबकत थबकत ओळीच्या टोकाला पोचलं.

"जमलं हिला," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पाणी सुकत आलं. त्यांनी कोणाला न विचारता फडकं परत ओलं केलं आणि परत फिरवलं.

"ही पाटी नंतरची?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नंतरची."

"कशावरून?"

भावजींचा चेहरा उजळला. या वेळी ते न अडखळता बोलले. पाटी प्लास्टरवर, प्लास्टर काळ्यावर, मध्ये सांधा नाही. मोठ्या बाई उठल्या, सांधा कुठे दिसतोय का ते त्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं, बोटाला लागलेलं काळं पाहिलं. बाहेर शाळेची घंटा झाली. पोरांचा कल्लोळ ऐकू आला आणि एकदम थांबला.

"समिती ऐकणार नाही, सर," शेवटी त्या म्हणाल्या. आवाजातली धार गेली होती. "फाटकाचा दगड मी बदलू शकत नाही. तुमच्या हुकुमाचं काय होईल तेही मी आज सांगू शकत नाही. हे सगळं लक्षात घेऊन बोला. तुम्हाला हवंय काय?"

वहिनींनी दादांचा हात धरला. दादांनी तो सोडवून घेतला नाही.

सकाळपासून भावजी एका वाक्याच्या जागी दहा वाक्यं बोलत होते. आता त्यांनी एकच सांगितलं.

"बाई, मला पहिलं पान पुन्हा लिहू द्या. तेवढंच."